नमुन्याचा चौथा भाग

अंबिका पोतनीस हिचे चार समान भाग झाले ते मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळेबद्दल वाद नाही, कारण पंचनाम्यात ती लिहिलेली आहे आणि पंचनाम्याखाली चौघींच्याही सह्या आहेत.

चूक अंबिकेचीच होती, पण ती सवयीतून झाली. पेणला तिचं आणि तिचा नवरा भालचंद्र याचं मसाल्याच्या पुडींचं दुकान आहे. हळद, मिरपूड, सुंठपूड सगळं आसपासचं. दालचिनीची पूड मात्र लंकेहून येते, तिथल्याच गिरणीत दळलेली, पोत्यांत भरून, बोटीने. बाहेरच्या देशातून आलेली कुठलीही पूड अन्नखात्याने तपासल्याशिवाय विकता येत नाही. अख्खी दालचिनी डोळ्यांना ओळखू येते, पण पुडीत काय काय आहे ते पुडीलाच ठाऊक. म्हणून बंदराजवळच्या गोदामात निरीक्षक येतात, पोत्यांतून थोडा थोडा माल परातीत काढतात, तो एकजीव करतात आणि त्याचे चार भाग पाडतात.

त्या दिवशी आलेले निरीक्षक निरगुडे हे शांत स्वभावाचे, बारीक अक्षराचे गृहस्थ होते. त्यांनी परात पुढे सरकवली आणि म्हणाले, "नीट मिसळून घ्या."

पळी शेजारीच ठेवलेली होती. पण अंबिकेने पूड पळीने ढवळलेली कुणी पाहिलेली नाही. सासूने तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की पळीने पूड नुसती हलते, मिसळते ती हाताने. तिने बांगड्या मागे सारल्या आणि कोपरापर्यंत हात घातला.

"बाई, हात—" निरगुडे म्हणाले, पण तोवर पूड एकजीव झाली होती.

मिसळताना परातीत जे असेल ते नमुन्यात धरतात, असा नियम आहे. निरगुडे यांनी स्टीलची पट्टी घेतली, आधी आडवी फिरवली, मग उभी. परातीत पुडीचे चार ढीग झाले आणि परातीच्या चार बाजूंना चार अंबिका उभ्या राहिल्या. चौघींनी एकमेकींकडे बघितलं आणि आधी आपापला पदर सारखा केला.

चारही भाग सारखेच होते. मिश्रण चांगलं झालं की तसंच होतं, प्रत्येक भागात सगळं थोडं थोडं येतं. दागिने मात्र मिसळले नव्हते, त्यामुळे ते जिथे जायचे तिथे गेले. कुड्या पहिलीकडे गेल्या, मंगळसूत्र दुसरीकडे, बांगड्या तिसरीकडे. चौथी अगदी लंकेची पार्वती राहिली. ही गोष्ट पुढे जिच्या बाजूने सांगायची आहे ती हीच चौथी, कारण कायद्याप्रमाणे चौथा भाग व्यापाऱ्याच्या ताब्यात राहतो आणि घरी परत आली ती एवढीच.

"पहिला भाग प्रयोगशाळेत जाईल," निरगुडे म्हणाले. "दुसरा आणि तिसरा माझ्या ऑफिसच्या कपाटात. चौथा तुम्ही जपायचा. सील तुटता कामा नये." त्यांनी तिच्या अंबाड्याला दोरा गुंडाळला आणि गाठीवर लाख ओतली. "भाजलं तर सांगा."

"नाही भाजलं," अंबिका म्हणाली. "अहवाल कधी येतो?"

"चौदा दिवसांत. पास झालं की माल तुमचा, भागही तुमचे. नापास झालं तर सगळं मूळ ठिकाणी परत. तुमचं मूळ ठिकाण?"

"जन्म चौलचा."

"मग दालचिनी लंकेला, तुम्ही चौलला."

अंबिकेला हसू आलं. चौल काही सातासमुद्रापार नव्हतं. तिथे भाऊ होता, वहिनी होती, नारळाची वाडी होती. "त्यात काय एवढं! चार दिवस राहीन आणि परत येईन."

"तसं नाही होत," निरगुडे जरा ओशाळून म्हणाले. "परत गेलेला माल मूळ स्थितीत जातो. गेल्या वर्षी एकांची मिरपूड परत पाठवली. ती आता वेलावर आहे, हिरवीगार." त्यांनी पुस्तिका काढून पानं चाळली. "तुमच्या बाबतीत मूळ स्थिती म्हणजे पोतनीस तुम्हाला बघायला आले त्याच्या आदल्या दिवशीची."

त्या दिवशी अंबिका बावीस वर्षांची होती. दोन वेण्या घालत होती आणि भालचंद्र पोतनीस नावाचा माणूस जगात आहे याचा तिला पत्ताही नव्हता.

"आणि ह्यांना काय आठवेल?"

"एक माल परत गेला होता, एवढी नोंद राहील. कसला माल ते आठवणार नाही."

अंबिकेने पदर खोचला आणि ती निघाली. भालचंद्र बाहेर टेम्पोत बसला होता. ती एकटीच, इतकी हलकी चालत येताना बघून त्याने विचारलं, "बाकीची तू कुठे?"

"सरकारजमा," ती म्हणाली आणि वाटेत सगळं सांगितलं. भालचंद्रने ऐकून घेतलं. कुठल्याही संकटात तो एकच शब्द बोलायचा, तो याही वेळी बोलला. "बघू."

घरी आल्यावर कळलं की चौथाई असणं तसं वाईट नसतं. दिसायला अंबिका होती तशीच होती, उंची तीच, आवाज तोच. वजन मात्र साडेचौदा किलो. जिने चढताना गुडघे कुरकुरले नाहीत. राग आला तरी चहा उकळेपर्यंत निवत होता. फक्त पंखा लावला की ती दुकानाच्या दाराकडे सरकू लागायची, म्हणून भालचंद्रने पंखा बंद करून टाकला आणि गिऱ्हाइकं पदराने वारा घेत मसाला घेऊ लागली.

मोकलकाकू दर बुधवारी हळद न्यायला यायच्या. त्यांनी अंबिकेला खालून वर बघितलं. "काय गो बाय, एवरी कशी गो सुकलीस?"

"नमुना गेलाय काकू, तपासायला."

"मग बरा," मोकलकाकू म्हणाल्या. "माझ्या लेकीचा पन कायतरी तपासाला नेलाय." आणि पाव किलो हळद घेऊन गेल्या.

सीलबंद नमुना थंड आणि कोरड्या जागी, सूर्यप्रकाशापासून दूर ठेवायचा असतो. ती सूचना भालचंद्रने पाठच केली. तो अंबिकेला चुलीजवळ फिरकू देईना, कपडे वाळत घालायला गच्चीवर जाऊ देईना. न्हाणं तर बंदच झालं. एकतीस वर्षांत त्याने कधी भात लावला नव्हता, तो आता भात लावू लागला आणि ती फडताळाच्या सावलीत पाटावर बसून त्याला शिकवू लागली. "पाणी बोटाच्या पेरापर्यंत. कुणाच्या बोटाच्या म्हणजे काय? तुमच्याच." पहिल्या दिवशी भात लापशीसारखा झाला. तिला तो फार आवडला, आणि आपण असं याआधी कधी बसलो नव्हतो याचं तिला आश्चर्य वाटलं.

पाचव्या दिवशी चौलहून भावाचा फोन आला.

"ताई, तुझी खोली रिकामी करून ठेवलीय," मोरेश्वर म्हणाला. त्याचा आवाज नुकता फुटल्यासारखा चिरका येत होता. "आईने तुझे परकर धुऊन वाळत घातलेत."

आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. मागून भांड्यांचा आवाज येत होता आणि कुणीतरी "तिला म्हणावं येताना ओला जवळा नको, सुका आण" असं म्हणत होतं. आवाज आईचाच होता. अंबिकेला रडू आलं, ते बराच वेळ पुरलं.

"जावंसं वाटतंय का तुला?" भालचंद्रने विचारलं.

"वाटतंय," ती खरं बोलली. "पण तुम्ही नसाल तिथे."

भालचंद्र उठला आणि त्याने दालचिनीच्या बरणीचं झाकण घट्ट केलं, जे आधीच घट्ट होतं. बरणीत जुनी, मागच्या खेपेची पूड होती. तिच्या वरच्या थरातून एक कोवळं तांबूस पान डोकावत होतं.

आठव्या दिवशी अन्नखात्याचं पत्र आलं. सोबतच्या मालावर लेबल आढळले नाही, असं त्यात म्हटलं होतं. दालचिनीच्या पोत्यांवर लेबलं होती. नव्हतं ते अंबिकेवर. भरून पाठवायला लेबलचा छापील कागद जोडला होता आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की लेबल आणि प्रयोगशाळेचा अहवाल जुळले नाहीत तर माल नापास होईल. पाठवलेल्या लेबलात दुरुस्ती एकदाच करता येईल.

दुकानाचं दार अर्धं लोटून दोघं लेबल लिहायला बसली. पेन्सिल भालचंद्रकडे होती.

"निव्वळ वजन."

"अठ्ठावन्न किलो. चौघींचं मिळून."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? अलिबागच्या डॉक्टरांच्या काट्यावर बघितलंय गणपतीच्या आधी."

"मूळ ठिकाण, चौल. खूण?" शाकाहारी असेल तर हिरवा ठिपका, नसेल तर तपकिरी त्रिकोण. यावर विचार करायची गरजच नव्हती. पोतनिसांच्या घरात जवळा, बोंबील आणि कालवं यांच्याशिवाय कुठला महिना गेला नव्हता. भालचंद्रने तपकिरी कागदाचा त्रिकोण कापला आणि कुंकवाच्या जागी चिकटवला. आरशात बघून अंबिकेने तो थोडा डावीकडे घेतला.

"मुदत," भालचंद्र पुढे म्हणाला. "इथे लिहिलंय की माल देशात येताना शेकडा साठ मुदत शिल्लक पाहिजे."

"मी त्रेपन्नची."

त्याने कागदाच्या मागे हिशेब मांडला. त्रेपन्न म्हणजे शेकडा चाळीस धरायचे, तर पुरे शंभर म्हणजे एकशे साडेबत्तीस. "एकशे पस्तीस लिहितो. थोडं हाताशी असू दे."

"लिहिलं म्हणजे जगावं लागेल की हो."

"जग की मग."

"आणि तुम्ही?" भालचंद्र अठ्ठावन्नचा होता आणि त्याच्या घराण्यात सत्तरीपलीकडे कुणी गेलेलं नव्हतं. एवढी वर्षं एकटीने भात लावायचा, या विचाराने तिला फार वाईट वाटलं. तिने ते बोलून दाखवलं. भालचंद्र पेन्सिलीचं टोक बघत बसला आणि मग म्हणाला, "बघू."

घटकांचं घोडं मात्र अडलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे होते. जे जास्त ते वर, जे कमी ते खाली.

"पाणी," भालचंद्रने सुरुवात केली. "ते सगळ्यांतच असतं. मग बडबड. मग हट्ट. मग सुका जवळा. मग माया. मग चौलची वाळू, ती तुझ्या टाचांतून अजून निघते. मीठ."

"माया जवळ्याच्या खाली?"

"उतरत्या क्रमाने म्हटलंय."

"अहो, पण ती जास्त आहे."

"जास्त असती तर रविवारी माशातली सगळी गाबोळी तू खाल्ली नसतीस."

"दिली असती, मागितली असतीत तर!" ती तावातावाने म्हणाली. मग दोघंही हसली. बऱ्याच घासाघिशीनंतर माया हट्टाच्या वर गेली आणि जवळा आपल्या जागी राहिला. सगळं मिळून शंभर भरेना, कुठेतरी मोठी जागा रिकामी राहत होती. पण भालचंद्र म्हणाला की पाणी वाढवू, आणि त्याने पाणी वाढवलं. यादीत काय राहून गेलं ते दोघांनाही सुचलं नाही. इतक्या जवळची वस्तू कुणाला दिसत नाही.

दहाव्या दिवशी सकाळपासून अंबिकेला छान ऊब लागत होती. दुपारी प्रयोगशाळेतून एका बाईंचा फोन आला.

"तुम्ही चौथा भाग का? तुमच्या पहिल्या भागाने नंबर दिला. फार बोलतात हो त्या. आमच्या सगळ्यांना सोड्यांची खिचडी शिकवली त्यांनी."

"तिला ऊब लागतेय का?"

"आम्ही राख काढतोय. पुडीत किती राख निघते ते बघावंच लागतं. काळजी करू नका, शेवटपर्यंत हसतमुख होत्या."

"होत्या म्हणजे?"

"नमुना तपासणीत खर्ची पडतो," बाई म्हणाल्या. "कुड्या पाकिटात घालून पाठवते."

अंबिका फोन धरून उभी राहिली. आपल्यातलं अमुक एक गेलं असं तिला म्हणता येईना, कारण त्या भागातही सगळंच थोडं थोडं होतं. ऊब हळूहळू गेली, एवढंच. पहिलीने कुणाला तरी खिचडी शिकवली हे बरं झालं, असं तिला वाटलं.

अहवाल दुसऱ्या दिवशी आला. ओलावा मर्यादेत. राख मर्यादेत. वाळू, समुद्रकाठची, मर्यादेत. माया, भरपूर. हे वाचून अंबिकेने भालचंद्रकडे असं बघितलं की तो खजील झाला. शेवटच्या ओळीखाली तांबडी रेघ होती.

बाह्य पदार्थ : पुरुष एक, वय अंदाजे अठ्ठावन्न. शेकडा पंचवीस. डाव्या कुशीवर झोपण्याची सवय, सुंठेचा वास, शिंकण्याची पद्धत आणि "बघू" हा शब्द असे अंश सर्वत्र सारखे आढळले. वेगळे करता आले नाहीत. मर्यादा शेकडा एक. नापास.

भालचंद्रने ते दोनदा वाचलं. "हा मी?"

"दुसरं कोण असणार?" अंबिका म्हणाली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं, कारण क्षणभर तिला खरोखरच आठवेना की हा चष्मेवाला माणूस कोण. मग आठवलं. तिने हात मागे नेऊन अंबाडा चाचपला. लाख जागेवर होती, पण तिच्याखाली केसांच्या दोन वेण्या झाल्या होत्या. बरणीतल्या पानाला शेजारी आणखी दोन पानं फुटली होती. मोरेश्वरचा फोन वाजून वाजून थांबला.

भालचंद्रने निरगुडे यांना फोन लावला. तो आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी ओरडत होता. निरगुडे यांनी त्याला ओरडून घेऊ दिलं.

"पोतनीस, ऐका," ते मग म्हणाले. "एखादा पदार्थ लेबलवर नसेल आणि मालात सापडला तर ती भेसळ. तोच लेबलवर लिहिलेला असेल तर तो घटक. घटक कितीही चालतो. दुरुस्तीची तुमची एक संधी आहे. ती वापरायची का?"

"वापरायची."

"मग लेबल नीट लिहा आणि उद्या सकाळी चौथा भाग घेऊन गोदामात या. मी कपाटातल्या दोघींना आणतो."

घटक उतरत्या क्रमाने लिहायचे असल्यामुळे भालचंद्रला स्वतःचं नाव पाण्याखाली आणि बाकी सगळ्यांच्या वर लिहावं लागलं. मायेच्याही वर. लिहिताना त्याचे कान लाल झाले. "एवढा कसा काय मी?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. अंबिका फडताळाच्या सावलीतून बघत होती. ह्या माणसावर आपला जीव आहे हे तिला एकतीस वर्षं माहीत होतं, पण त्याचा शेकडा आज कळला. शंभर आता बरोबर भरले.

दुसऱ्या दिवशी गोदामात निरगुडे यांच्यासोबत दोघी आल्या. एकीच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, दुसरीच्या हातांत बांगड्या. दोघी खुशीत होत्या. कपाटात बसून त्यांनी निरगुडे यांच्या सगळ्या फायली तारखेप्रमाणे लावल्या होत्या आणि वाळवीला कडुलिंबाचा पाला घातला होता.

"तू काय केलंस?" त्यांनी चौथीला विचारलं.

"मी ह्यांच्या हातचा भात खाल्ला."

"खोटं!" दोघी एकदम म्हणाल्या.

निरगुडे यांनी नवं लेबल वाचलं, अहवालाशी ताडून बघितलं आणि मान डोलावली. "घटक जुळले. आता वजन. वजन जुळलं की माल सुटला, आणि सुटला की हे भाग आपोआप एकजीव होतात. या."

गोदामाच्या कोपऱ्यात पोती तोलायचा मोठा काटा होता, जमिनीलगत फळी आणि समोर घड्याळासारखी तबकडी. तिघी फळीवर चढल्या. काटा फिरला आणि साडेत्रेचाळीसवर थांबला.

"अठ्ठावन्न लिहिलंय," निरगुडे म्हणाले.

"पहिली प्रयोगशाळेत खर्ची पडली ना," चौथी म्हणाली.

"खरं आहे. पण कमी वजनाचा माल सोडता येत नाही."

"मग लेबलवरचं वजन बदला," भालचंद्र म्हणाला.

"दुरुस्ती एकदाच. ती तुम्ही घटकांसाठी वापरलीत." निरगुडे यांचा चेहरा पडला होता. आपल्या फायली लावून देणाऱ्या बायकांना परत पाठवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, ते स्पष्ट दिसत होतं. "साडेचौदा किलो कमी. बारा वाजेपर्यंत भरलं नाही तर परत."

बाराला वीस मिनिटं होती. दालचिनीच्या पोत्यांतून करकर आवाज येऊ लागला, आतमध्ये काहीतरी साल धरत होतं. गोदामाच्या पत्र्याखाली सुरंगीच्या फुलांचा वास पसरला. बंदरावर सुरंगी नाही, ती चौलला होती, मागच्या दाराशी. चौथीच्या पाठीवर दोन्ही वेण्या लाखेखालून सुटून आल्या. तिने भालचंद्रकडे बघितलं आणि हा कुणीतरी ओळखीचा माणूस असावा, बरा दिसतो, एवढंच तिच्या मनात आलं. मग तिने घाबरून मंगळसूत्रवालीचा हात घट्ट धरला आणि तिच्या हातातून त्याचं नाव परत आलं.

"साहेब," भालचंद्रने विचारलं, "लेबलवर जे आहे ते वरून घालता येतं का?"

निरगुडे यांनी पुस्तिका उघडली. एक पान वाचलं, मग मागचं वाचलं. "लेबलवर असेल ते घालता येतं," ते सावकाश म्हणाले. "नसेल ते घालता येत नाही."

भालचंद्रने चप्पल काढली.

"अहो, थांबा," चौथी म्हणाली आणि निरगुडे यांच्याकडे वळली. "नंतर काढता येईल ना ह्यांना पाय?"

"ते नियमात नाही," निरगुडे म्हणाले. "काढता येतो असंही नाही, येत नाही असंही नाही."

"नाहीतरी ह्या पायाला वात आहे," भालचंद्र म्हणाला आणि उजवा पाय फळीवर ठेवला.

काटा उसळून एकसष्टवर गेला. "जास्त," निरगुडे म्हणाले. भालचंद्रने भार डाव्या पायावर घेतला. छप्पन्न. "कमी." त्याने अंगठा किंचित दाबला. सत्तावन्न. त्याने श्वास आत घेतला, गुडघा सैल सोडला, आणि काटा थरथरत थरथरत अठ्ठावन्नवर येऊन उभा राहिला. पोत्यांतली करकर थांबली.

"हलू नका," निरगुडे कुजबुजले. "कुणीच हलू नका. आमच्या वरच्या साहेबांनी स्वतः बघून सही करायची असते. ते जेवायला बसलेत, मी बोलावून आणतो." ते जाताना पाय न वाजवता, टाचा उचलून गेले.

भालचंद्र एक पाय जमिनीवर आणि एक पाय फळीवर असा, दोन्ही हात पसरून उभा होता. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि तो सारखा करायची सोय नव्हती. त्याला शिंक येत असावी, कारण त्याच्या नाकपुड्या हलत होत्या आणि तो डोळे मोठे करून ती परतवत होता.

मंगळसूत्रवालीने ते बघितलं आणि ओठ दाताखाली धरले. तिचे खांदे हलू लागले. ते बांगडीवालीने बघितलं, तिच्या हातांतल्या बांगड्या आधी एक, मग दोन, मग सगळ्या किणकिणल्या.

"नका ना गं," चौथी डोळे घट्ट मिटून म्हणाली. पण हसू तिच्या तळपायांपाशी आलं होतं आणि वर चढत होतं.